काडीमोडानंतर मंगळसूत्राचं काय करायचं?

बचत गटाच्या बैठका संपल्या, हिशेबाची वही मिटली, की मग खरे प्रश्न निघतात. चपला घालता घालता, दारात उभं राहून, हळू आवाजात. असा एक प्रश्न आम्हाला गावोगावी भेटतो: "कोर्टाचा निकाल लागला. आता गळ्यातल्याचं काय करू?"

विचारणारीला उत्तरं भरपूर मिळालेली असतात. आई म्हणते, राहू दे गळ्यात, लोक काय म्हणतील. भाऊ म्हणतो, मोडून टाक, कोर्टाचा खर्च निघेल. शेजारीण म्हणते, नदीत सोड. सासरचा निरोप येतो, आमचं सोनं परत कर. या सगळ्यांत त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं, तुला काय वाटतं?

आज आपण त्याच प्रश्नाबद्दल बोलू. मंगळसूत्र म्हणा, डोरलं म्हणा, गंठण म्हणा. मुस्लिम बहिणींची काळी पोत असेल, ख्रिस्ती बहिणींची लग्नातली अंगठी असेल. वस्तू वेगळी असली तरी पेच तोच आहे. आमच्या मते काय करायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की ते कुणाचं आहे?

तर ते तुमचं आहे. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर बाईला जे दागिने, भांडी, कपडे, पैसे भेट म्हणून मिळतात, मग ते माहेरून आलेले असोत की सासरहून, ते तिचं स्त्रीधन. आपल्याकडे एक वाटी माहेरची आणि एक वाटी सासरची अशी रीत आहे. काही सासरची माणसं म्हणतात, आमची वाटी आम्हाला द्या. पण लग्नात ती वाटी सुनेच्या गळ्यात घातली, म्हणजे ती तिला दिली. देऊन झालेली वस्तू काडीमोड झाल्यावर आपोआप परत जात नाही.

हे काही आम्ही आमच्या मनानं सांगत नाही. 1985 साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधनाची पूर्ण मालकी बाईचीच. नवऱ्यानं किंवा सासूनं ते सांभाळायला ठेवलं असेल, तर ती फक्त राखण झाली, मालकी नव्हे. मागितल्यावर दिलं नाही, तर तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. अगदी अलीकडे, 2024 मध्ये, केरळच्या एका बाईचा खटला त्याच न्यायालयात गेला होता. तिला माहेरहून 89 पवन सोनं मिळालं होतं. पवन म्हणजे 8 ग्राम. लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्यानं ते सांभाळून ठेवतो म्हणून घेतलं आणि आपल्या आईकडे दिलं. पुढे ते कर्ज फेडण्यात गेलं, असं तिचं म्हणणं. न्यायालयानं तिला 25 लाख रुपये द्यायला सांगितलं. अडचणीत नवरा बायकोचं सोनं वापरू शकतो, पण ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. सांभाळून ठेवतो म्हणून घेतलं आणि पुढे दिसलंच नाही, ही कहाणी आपल्या गावातही ओळखीची आहे, नाही का?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळंच आपलं नसतं. तुमच्या वडिलांनी जावयाला घातलेली अंगठी, गोफ, घड्याळ या भेटी त्याच्या. लग्नात मिरवायला सासूबाईंनी आपल्या पाटल्या घातल्या आणि सोळा दिवसांनी काढून घेतल्या, तर त्या दिल्या होत्या की वापरायला घातल्या होत्या, यावर वाद होतो आणि तो नेहमी आपल्या बाजूनं सुटतोच असं नाही. मंगळसूत्राबाबत मात्र तसा गोंधळ सहसा नसतो. ते कुणी मिरवायला उसनं घालत नाही.

कोर्टात बोलणं टिकण्यासाठी कागद लागतो. आपल्याकडे साखरपुड्यात यादी होते, काय दिलं काय घेतलं ते लिहितात. लग्नातल्या भेटींची यादी करून ती नवरीनं स्वतःजवळ ठेवावी, असं हुंडाबंदी कायद्याच्या 1985 च्या नियमांतही आहे. पण आपल्यापैकी कितीजणींकडे तो कागद असेल? नसेल तर लग्नाचे फोटो काढा. फोटोत गळ्यातलं, हातातलं, कानातलं दिसतं. सोनाराची पावती वडिलांच्या पेटीत सापडते का बघा. पावती हरवली असेल तर सोनाराच्या वहीत नोंद असू शकते, जाऊन विचारा. आणि आठवेल तशी यादी आजच लिहायला घ्या. कोणता दागिना, साधारण किती ग्राम, कुणी दिला, शेवटचा कुठे पाहिला. ज्या बहिणी अजून वेगळ्या झालेल्या नाहीत, पण घरात धुसफूस आहे, त्यांनीही ही यादी करावी. त्यात कुणाचं वाईट चिंतणं नाही. बियाणांच्या पिशव्यांची नोंद आपण ठेवतोच की.

दागिने सासरीच अडकले असतील, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली न्यायदंडाधिकारी ते परत द्यायचा आदेश देऊ शकतात. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. कोर्टानं विभक्त राहायला मान्यता दिल्यानंतरही अशी मागणी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये सांगितलं आहे. तरी उशीर करू नका. सोनं वितळवायला तासभरही लागत नाही. वकिलाची फी परवडत नाही असं म्हणून गप्प बसू नका. महिलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं काम चालतं, आणि 15100 या नंबरवर फोन लावून विचारता येतं. मुस्लिम बहिणींसाठी 1986 चा वेगळा कायदा आहे. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर नातेवाइकांनी, नवऱ्यानं, त्याच्या माणसांनी दिलेल्या वस्तू तलाकनंतर तिच्याच, असं त्यातही लिहिलेलं आहे.

आता एका ओळीबद्दल सांगतो. ती ओळ बायकांना फार महाग पडते. दोघांच्या संमतीनं घटस्फोट होतो तेव्हा अटींचा कागद तयार होतो. त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: "पत्नीला तिचे सर्व स्त्रीधन मिळाले असून तिची काही तक्रार नाही." दागिने अजून सासूच्या कपाटात असतात आणि सही मात्र होऊन जाते. निकालानंतर आणून देतो, असा शब्द दिलेला असतो. मैत्रिणींनो, त्या शब्दावर सही करू नका. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर साधारण 6 महिन्यांनी पुन्हा कोर्टापुढे जावं लागतं, काही वेळा कोर्ट ही मुदत माफही करतं. त्या दुसऱ्या तारखेच्या आत दागिने हातात आले पाहिजेत, वजन करून, पंचांसमोर, कागदावर लिहून. मग खुशाल सही करा.

गावात बसून स्टॅम्पपेपरवर केलेली फारकत हा आणखी एक घोळ. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि ती सिद्ध करता आली तर कायदा ती मानतो. पण नुसता कागद लिहिला, नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे घटस्फोट झाला असं नाही. अशा कागदावर "देणंघेणं मिटलं" हे शब्द घालायला मात्र कुणी विसरत नाही! ते शब्द वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका.

मालकीचं झालं. आता गळ्यातून कधी काढायचं?

कायदा सांगत नाही की अमुक दिवशी काढा. घालायची सक्ती नाही, काढायचीही नाही. खटला चालू असताना मात्र तुमच्या वकिलाला एकदा विचारा. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका खटल्यात बायकोनं ताळी, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, काढून ठेवल्याची गोष्ट बाकीच्या पुराव्यांबरोबर तिच्याविरुद्ध धरली होती. नुसती ताळी काढली म्हणून लग्नाची गाठ सुटत नाही, हेही त्याच निकालात म्हटलं होतं. हा आपल्या राज्याचा निकाल नाही. तरी समोरचा वकील अशा गोष्टी काढू शकतो, एवढं माहीत असलेलं बरं.

निकाल हातात आल्यावर मात्र प्रश्न तुमच्या मनाचा आणि गावाचा उरतो. गावाचा जरा जास्तच. आम्हाला अशा कितीतरी जणी भेटतात ज्यांचा काडीमोड होऊन वर्षं लोटली, पण काळी पोत गळ्यात आहे. एकीनं सरळ सांगितलं, "पहाटे भाजीची पाटी घेऊन टेम्पोत बसते. गळ्यात मणी असले की कुणी काही विचारत नाही." दुसरीला तालुक्याला खोली भाड्यानं हवी होती, घरमालकीण आधी गळ्याकडे बघायची. या बायका खोट्या नाहीत. शेतात बुजगावणं उभं करतो ना, तसं त्यांनी ते गळ्यात ठेवलंय. ज्या बाईला त्यानं सुरक्षित वाटतं, तिला "अजून कशाला घालतेस" म्हणून टोचायचा आपल्याला काय अधिकार?

आणि जिनं निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवरच ते काढून पिशवीत टाकलं, तिलाही कुणी बोलू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं गावात बंद. त्यानंतर सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. तो ठराव विधवा बहिणींसाठी होता, हे खरं. पण त्यामागची गोष्ट इथेही लागू पडते असं आम्हाला वाटतं. बाईच्या अंगावरची वस्तू कधी उतरवायची, हे ठरवायला चार माणसं जमायची गरज नाही. तिनं ठरवावं, मग ती ठेवो की काढो.

मुलांचंही थोडं बघावं लागतं. लहान मुलाला आईच्या मणी नसलेल्या गळ्याची सवय नसते. "आई, तुझं गळ्यातलं हरवलं का?" असं विचारतं. हरवलं म्हणून सांगू नका, मूल शोधत बसतं. मी काढून ठेवलं, एवढं सांगितलं तरी पुरतं.

काढून ठेवायचं तर कुठे? घरात पत्र्याच्या पेटीत ठेवण्यापेक्षा बँकेचं लॉकर बरं, पण तालुक्याच्या ठिकाणी ते मिळणं अवघड, हे आम्हालाही माहीत आहे. आईकडे ठेवलं तरी दोन ओळी लिहून ठेवा, कुणाकडे, किती ग्राम. माहेरात भावाभावांच्या वाटणीत बहिणीचं सोनं आईचं म्हणून वाटलं गेलं, अशा कहाण्या आम्ही ऐकल्या आहेत.

मोडायचं ठरवलं, तर घाईनं आणि एकटीनं जाऊ नका. गटातली एखादी जाणती बरोबर घ्या. आधी घरीच बघा, ते सोनं आहे का. हल्ली पुष्कळ मंगळसूत्रं एक ग्रामची, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेली असतात. लग्नात खरं म्हणून घातलेलं मोडायच्या दिवशी एक ग्रामचं निघतं, आणि मग बाई सोनाराच्या दुकानातच मटकन खाली बसते. तो धक्का मोडायच्या दिवशी नको, आधीच बसलेला बरा.

खरं असेल तर त्यावर हॉलमार्क आहे का बघा. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, 22 कॅरेटसाठी 916 हा आकडा, आणि नव्या दागिन्यांवर अक्षरं-आकडे मिळून 6 खुणांचा एक क्रमांक. मोबाइलमध्ये बीआयएस केअर नावाचं ॲप घेऊन त्यात तो क्रमांक टाकला की दागिना किती कॅरेटचा ते दिसतं. 15-20 वर्षांपूर्वी गावच्या सोनाराकडे घडवलेल्या डोरल्यावर असं काही सापडणार नाही. मग शहरातल्या हॉलमार्किंग केंद्रात थोडी फी भरून कस तपासून घेता येतो. निदान मशीनवर कॅरेट दाखवणाऱ्या दुकानात तरी जा.

वजनात बाई सगळ्यात जास्त फसते, म्हणून हा हिशेब नीट ऐका. समजा, गंठण सगळं मिळून 14 ग्राम भरलं. त्यात काळे मणी आणि दोरा 5 ग्रामचे आहेत. म्हणजे सोनं 9 ग्राम. 22 कॅरेटचं असेल तर 100 भागांत 91.6 भाग शुद्ध, म्हणजे 9 ग्रामात शुद्ध सोनं 8 ग्राम 244 मिलीग्राम. दुकानदार मण्यांची वजावट डोळ्यानं अंदाज करून सांगत असेल, तर ऐकू नका. मणी ओवलेले सोडवून, सोनं वेगळं करून, तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, तीही वजनात येते आणि गाळल्यावर जाते. मग दुकानदार घट म्हणून आणखी काही कापतो. घट किती धरली, का धरली, हे विचारायला लाजू नका. आणि भाव विचारताना 24 कॅरेटचा सांगतोय की 22 चा, हे आधी विचारा. पेपरात आलेला भाव आणि मोडीचा भाव एक नसतो. घेताना दिलेली घडणावळ तर परत मिळतच नाही. म्हणून निदान 2 दुकानांत विचारा. पहिल्या दुकानात दागिना तोडू देऊ नका, नुसतं वजन आणि भाव लिहून घ्या. पैसे खात्यावर घ्या, पावती घ्या.

खातं कुणाचं, हेही बघा. आम्ही बघितलंय, बाईचं सोनं मोडलं आणि रक्कम गेली नवऱ्याबरोबरच्या जुन्या जोडखात्यात. तुमच्या एकटीच्या नावाचं खातं हवं. आणि त्याच दिवशी बँकेत, विम्यात, गटाच्या वहीत वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते बघून घ्या. काडीमोड झाला तरी तिथलं नाव आपोआप बदलत नाही. अर्ज करून बदलावं लागतं.

पैशांची तातडी असेल पण मोडायला मन होत नसेल, तर बँकेत सोनं तारण ठेवून कर्ज मिळतं. व्याज भरत राहिलं तर वस्तू परत येते. पण हप्ता कुठून येणार, हे आधी ठरवा. नुसतं मन होत नाही म्हणून तारण ठेवायचं, व्याज थकवायचं आणि शेवटी लिलावात घालवायचं, यापेक्षा सरळ मोडलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट, लग्न चालू असताना नवऱ्यानं तुमचं सोनं स्वतःच्या नावावर तारण ठेवलं असेल, तर बँक ते त्याच्याच हातात देणार. म्हणून घटस्फोटाच्या अटींत ती बँक, ती शाखा, ती पावती यांचा उल्लेख करून घ्या.

काही जणी त्याच सोन्याचं दुसरं काही घडवतात. वाट्यांची कर्णफुलं, साखळीची मुलीसाठी चेन. आम्हाला हे आवडतं. सोन्यावर काही कुणाचं नाव कोरलेलं नसतं, मुशीत घातलं की त्याला जुनं रूप आठवत नाही. फक्त घडणावळ आणि कर धरून हिशेब आधी मागा. छोट्या दागिन्याला घडणावळ जास्त पडते. मुलीच्या लग्नासाठी जसंच्या तसं ठेवीन, असं म्हणणाऱ्याही भेटतात. ठेवा, पण आम्हाला विचाराल तर मुलीच्या शिक्षणाची फी भरायची थांबली असेल आणि सोनं तिच्या लग्नासाठी पेटीत असेल, तर तो हिशेब पुन्हा एकदा मांडावा.

आणि परत द्यायचं? देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तरी एखादीला वाटतं, त्याच्या घरचं काही नको मला, त्याची वाटी त्याला जाऊ दे. तिला कुणी वेडी म्हणू नये. फक्त रागाच्या भरात फेकून देऊ नका, अंगणात फेकलेल्या वाटीची पावती मिळत नाही. पोटगीचा, मुलांच्या खर्चाचा निकाल आधी होऊ द्या. मग द्यायची तर लिहून, दोन माणसांसमोर द्या.

राहिले काळे मणी. ते काचेचे, सराफ त्यांचे पैसे देत नाही. पण ते तुमचे आहेत, मागून घ्या, रुमालात बांधून आणा. कुणी ते नदीत सोडतात, कुणी तुळशीच्या मुळाशी पुरतात. गटातल्या एका आजींनी ते सोडवून नातवाच्या मनगट्या ओवल्या. पाचव्या महिन्यात बाळाला त्या घट्ट व्हायला लागल्या, तेव्हा आणखी चार मणी घालून पुन्हा ओवल्या.